मदत हवी आहे : आमची कुत्री चिंगी डेकेअरच्या दारात बसून घेते. पाठवत राहू की थांबवू?

जरा मोठं लिहिते आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही असं वाटतं.

चिंगी अडीच वर्षांची आहे. साधारण वर्षाची असताना आमच्याकडे आली. त्याआधी ती कुठे होती, कशी वाढली, ते ठाऊक नाही. मध्यम चणीची, मिश्र जातीची, माणसांची अतिशय लोभी. आल्यापासून मी घरूनच काम करत होते, त्यामुळे तिचा सगळा दिवस माझ्या खुर्चीखाली जायचा. आता मला रोज ऑफिसला जावं लागतं. सकाळी साडेआठला निघते, परत यायला सहा वाजतात. साडेनऊ तास तिला एकटं ठेवायचं या विचारानंच पोटात कालवायचं, म्हणून कुत्र्यांना दिवसभर सांभाळणारं डेकेअर शोधलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती तिथे जाते. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी माझी बहीण येऊन जाते. असे पाच आठवडे झाले.

पहिल्या दिवशी शेपूट हलवत आत गेली. संध्याकाळी घरी आल्यावर वाडगाभर पाणी एका दमात संपवलं आणि दारातल्या पायपुसण्यावरच झोपून गेली. मला केवढं हायसं वाटलं! दमून झोपली म्हणजे दिवस छान गेला, असंच मी धरून चालले.

तिसऱ्या आठवड्यात ती फाटकाच्या दहा पावलं अलीकडे थांबायला लागली. आता तर गाडीतून उतरली की बसूनच घेते. पट्टा ताणला की मान पुढे येते, अंग मागेच. पुढचे दोन्ही पाय ताठ, नखं फरशीवर खरवडतात. आतून तिथल्या ताई आल्या तरी त्यांच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. एक पंजा अधांतरी धरते आणि जीभ नाकावरून फिरवत राहते. मग त्या तिला उचलून आत नेतात आणि मी गाडीत येऊन बसते. काल मी दहा मिनिटं गाडी सुरूच केली नाही.

घरी दिसणारे फरक असे. डेकेअरच्या दिवशी शी पातळ होते, इतर दिवशी नाही. भुंकून भुंकून आवाज बसलेला असतो. गेल्या गुरुवारी ती झोपलेली असताना माझा मुलगा शेजारी जाऊन बसला तर गुरगुरली. दीड वर्षात घरातल्या कुणावर ती गुरगुरली नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्या कुत्रीशी तिची चांगली गट्टी आहे, तिच्यावरही परवा धावून गेली. व्हेटला दाखवलं. शी तपासली, जंत नाहीत. कान, दात, सांधे सगळं ठीक आहे.

डेकेअरवाले म्हणतात, रुळेल हळूहळू. घरचे म्हणतात, घरी एकटी कुढण्यापेक्षा चार कुत्र्यांत असलेली बरी. मला खरंच कळत नाही. तिला अजून वेळ द्यायला हवा का? की ती तोंडानं सांगता येत नाही म्हणून दारात बसून सांगते आहे, आणि मी ऐकत नाहीये?

निवांत

आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून डेकेअरला जातो. गाडी त्या वळणावर वळली की मागच्या सीटवर उभा राहून रडायला लागतो, दार उघडायचा अवकाश की आत. संध्याकाळी घ्यायला गेलं तर मला भेटतो आणि परत मित्रांकडे पळतो. ज्याला आवडतं ते कुत्रं असं दिसतं. तुमचं वर्णन वाचून मला तरी तसं वाटत नाही.

मध्यंतरी कामामुळे त्याला आठवड्याचे पाचही दिवस पाठवलं होतं. महिन्याभरात फिरायला नेणं अवघड झालं. दिसेल त्या कुत्र्याकडे ओढायचा, जाऊ दिलं नाही तर किंचाळायचा. प्रत्येक कुत्रं म्हणजे खेळ, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता फक्त दोन दिवस पाठवतो आणि मधल्या दिवशी घरी नुसता लोळतो. म्हणजे ज्याला आवडतं त्यालाही ते किती मानवतं याला मर्यादा आहेच.

सांजवेळ

माझं मत थोडं वेगळं आहे. आमची पहिला महिनाभर दारात रडायची. मीही सोडून देणार होते. आज ती तिथे मजेत असते. पाच आठवड्यांत निकाल लावू नका एवढंच म्हणेन. एखादा आठवडा फक्त अर्धा दिवस पाठवून बघा, फरक पडेल.

पाऊलखुणा

मी अशा एका ठिकाणी नऊ वर्षं काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सांजवेळ म्हणतात तसं रुळायला वेळ लागणारी कुत्री असतात. पण रुळणाऱ्या कुत्र्याचा प्रवास एका दिशेनं होतो. पहिल्या आठवड्यात दारात रडतं, दुसऱ्यात कमी रडतं, तिसऱ्यात कुणीतरी एक मित्र सापडतो. चिंगीचं उलटं झालं आहे. ती शेपूट हलवत गेली आणि आत काय असतं ते कळल्यावर थांबायला लागली. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

दमण्याबद्दल. पूर्ण वाढलेलं कुत्रं दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतं, आणि त्यातली पुष्कळ झोप दिवसा, तुकड्यातुकड्यांनी होते. डेकेअरमध्ये आठ तास कुणी ना कुणी अंगावर येत असेल तर ती होतच नाही. घरी येऊन कोसळतं ते त्यामुळेही. खेळून दमलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं असतं. ताणानं दमलेलं दुसऱ्या दिवशी चिडकं असतं, बारीकशा आवाजाला दचकतं, पोट बिघडतं. गुरगुरली म्हणून तिला रागावू नका. ती सूचना देते आहे. सूचना देणं बंद करायला शिकवलं तर पुढच्या वेळी थेट दात लागेल. मुलाला सांगा की झोपलेल्या चिंगीजवळ जायचं नाही, लांबून हाक मारून तिलाच बोलवायचं.

आणखी एक म्हणजे वय. कुत्री साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान स्वभावानं प्रौढ होतात. लहानपणी दिसेल त्याच्याशी खेळणारी बरीच कुत्री या काळात निवडक होतात. ओळखीची दोन चालतात, अनोळखी वीस नको होतात. यात काही बिघडलेलं नसतं. शिवाय इतर कुत्र्यांशी कसं वागायचं हे पिल्लू मुख्यतः तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास शिकतं, आणि चिंगीचे ते आठवडे कसे गेले हे तुम्हाला ठाऊकच नाही.

आता तिथे जाऊन बसा, किंवा व्हिडिओ मागा. चांगल्या जागेला यात काही अडचण वाटत नाही. एका माणसामागे किती कुत्री आहेत ते मोजा. दहा ते पंधरा ही सर्वसाधारण वरची मर्यादा धरतात, दांडगी कुत्री असतील तर त्याहूनही कमी हवीत. लहान आणि मोठी वेगळी ठेवतात का, दुपारी सगळ्यांना वेगवेगळं झोपवतात का, ते विचारा. लसींचे कागद त्यांनी तुमच्याकडे मागितले होते का? रेबीज, पार्व्हो-डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांची एकत्र लस, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि केनेल कफ म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस हे न बघता कुत्रं आत घेणाऱ्या जागी मी माझं कुत्रं सोडणार नाही. खोकला अशा ठिकाणी एकाकडून दहाजणांना होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दंगा वाढला तर ते काय करतात ते विचारा. हाक मारून, मध्ये उभं राहून वेगळं करत असतील तर ठीक. पाण्याचा फवारा मारणं, डबा आपटणं, मानगूट धरून खाली दाबणं असलं काही ऐकलंत तर त्याच दिवशी बाहेर पडा.

खेळ बघताना एक गोष्ट बघा. खऱ्या खेळात भूमिका बदलतात. आता हा मागे लागतो, मग तो. मध्येच दोघं थांबतात, अंग झाडतात, पुढचे पाय जमिनीला टेकवून पार्श्वभाग वर करून पुन्हा बोलावतात. शंका आली तर वरचढ कुत्र्याला क्षणभर धरायला सांगा. खालचं कुत्रं सुटल्यावर परत त्याच्याकडे आलं तर खेळ होता. संधी साधून निघून गेलं तर तो खेळ नव्हता.

धागाकर्ती

पाऊलखुणा, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. काल अर्धी रजा टाकून तिथे गेले. तिथल्या मुली मायाळू आहेत, हे आधी सांगते. फवारा वगैरे काही नाही. लसींचे कागदही त्यांनी पहिल्याच दिवशी घेतले होते. पण कुत्री चौतीस आणि माणसं दोन. त्यातली एक फरशी पुसायला गेली की चौतिसांमागे एक. दुपारी झोपवायची वेगळी जागा नाही.

काचेच्या बाहेर उभी राहून चाळीस मिनिटं बघितलं. चिंगीला मी दिसत नव्हते. ती भिंतीकडच्या बाकाखाली होती. झोपलेली नव्हती, चारी पाय अंगाखाली घेऊन बसली होती, उठायच्या तयारीत असल्यासारखी. कुणी बाकाजवळून गेलं की तोंड वळवायची, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा, जीभ नाकावर. एक तरुण, मोठं, खेळकर कुत्रं तीन वेळा तिच्यापुढे वाकून बोलावून गेलं. तो काही वाईट नव्हता. तिसऱ्या वेळी ती त्याच्या अंगावर भुंकली आणि तो गेला. ताईंनी लांबूनच “चिंगी, नो!” म्हटलं. चाळीस मिनिटांत ती बाकाखालून एकदा बाहेर आली, दारापर्यंत गेली, दाराच्या फटीला नाक लावून उभी राहिली आणि परत बाकाखाली गेली.

तिथेच रडू आलं. तिला घेऊन घरी आले. पण प्रश्न आहे तिथेच आहे, साडेनऊ तासांचं काय करू?

ओसरी

स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही तिच्या काळजीपोटीच पाठवलंत, आणि जाऊन बघायचे कष्टही घेतलेत.

आधी एक तपासा. ती घरी एकटी खरोखर कशी राहते? दीड वर्ष तुम्ही सतत घरी होतात, त्यामुळे तुम्हालाही ते माहीत नसणार. जुना फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावा आणि बाहेर पडा. एकटं राहण्याची खरी भीती असेल तर ती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. दार ओरबाडणं, एकसारखं विव्हळणं, लाळ गळणं, ठेवलेल्या खाऊला तोंडसुद्धा न लावणं. तसं दिसलं तर प्रशिक्षक आणि व्हेट दोघांच्या मदतीनं सावकाश सवय लावावी लागेल, आणि तोवर तिला एकटं न सोडणंच बरं. तसं नसेल तर तुमचा प्रश्न बराच सोपा आहे.

पण साडेनऊ तास सलग नकोच. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाही एका वेळी चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये असं अनेक प्राणीकल्याण संस्था सांगतात. मध्ये कुणीतरी यायला हवं. फिरवून आणणारा माणूस, निवृत्त शेजारी, कॉलेजात जाणारी एखादी मुलगी. आणि ते चालणं तिच्या गतीनं होऊ द्या. वीस मिनिटं मनासारखं हुंगत फिरणं कुत्र्याला तासभर पळण्याइतकं निवांत करतं, हा माझा अनुभव आहे.

धागाकर्ती

बारा दिवसांनी लिहिते आहे.

रेकॉर्डिंग तीन वेळा केलं. पहिल्या दिवशी मी गेल्यावर सहा-सात मिनिटं दाराशी उभी होती, दोनदा बारीक आवाज काढला. मग खाऊ भरलेलं रबरी खेळणं चाटून संपवलं, खिडकीतून थोडा वेळ बाहेर बघितलं आणि माझ्या खुर्चीखाली जाऊन कुशीवर झोपली. चारी पाय सैल सोडून. तो व्हिडिओ मी आईला, बहिणीला, सगळ्यांना पाठवला. आम्ही ज्या एकटेपणाला इतके घाबरत होतो त्यात ती घोरत होती!

डेकेअर बंद केलं. तिथे तसं सांगितलं, कारणही सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार एक काका साडेअकराला आणि अडीचला येतात. पहिले दोन दिवस मी रजा घेऊन घरीच होते, तिसऱ्या दिवशी जिन्यात लपून बसले. मंगळवार-गुरुवारी बहीण येते, पण एकदाच. तीही दोनदा येऊ शकेल का ते बघते आहे.

शी चौथ्या दिवसापासून नीट झाली. शेजारच्या म्हाताऱ्या कुत्रीला पहिला आठवडा लांबूनच दाखवलं. काल त्या दोघी शेजारी शेजारी चालल्या, एकमेकींकडे न बघता एकच झुडूप हुंगत. मुलानं “झोपलेल्या चिंगीला हात लावू नये” अशी पाटी रंगवून तिच्या गादीवर लावली आहे.

सांजवेळ, तुमचा अर्ध्या दिवसाचा सल्ला मनात आहे. एखादी छोटी जागा, सहा-सात कुत्री, दुपारी झोपायला वेगळी खोली असं सापडलं तर कधीतरी बघेन. घाई नाही.

आता एकच शंका राहिली आहे. काका आले की ती आनंदानं जाते, पण ते निघून गेल्यावर पंधरा मिनिटं दाराशी बसून राहते. मी गेल्यावर आता तेवढी बसत नाही. त्यांनी जाताना खाऊ ठेवून जावं का, की काहीच न बोलता निघावं? कुणी असं केलं असेल तर सांगा.

पाऊलखुणा

खूप बरं वाटलं वाचून. काकांना सांगा, फिरून आल्यावर लगेच निघू नका. पट्टा काढून पाच मिनिटं नुसतं खुर्चीत बसा, फोन बघत बसलात तरी चालेल. ती पाणी पिऊन आपणहून आडवी झाली की थोडा खाऊ फरशीवर पसरून ठेवा आणि ती हुंगून शोधत असताना निघा. आठवडाभर करून बघा आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवा.

धागाकर्ती

उद्यापासून करते. काकांना आत्ताच फोन केला, म्हणाले पाच काय, दहा मिनिटं बसतो.