घरचे कार्य घरच्यांनीच पार पाडावे का?

मूळ मांडणी – वधूचा थोरला भाऊ, वाई

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न तुळशीची लग्ने आटोपल्यावर, मार्गशीर्षात करायचे ठरले आहे. वडील हयात नाहीत. आईने साठवलेले पैसे आणि आम्हा भावंडांची बचत मिळून 3 लाख रुपये हाताशी आहेत, आणि लग्नासाठी कर्ज काढायचे नाही यावर आम्ही सगळे ठाम आहोत. मुलाकडची मंडळी समंजस आहेत. देण्याघेण्याचा किंवा मानपानाचा विषयही त्यांनी काढला नाही. ज्या कार्यालयात चौकशी केली, तेथे भाडे, जेवण आणि सजावट धरून साडेचार लाखांचा आकडा सांगितला आणि बाहेरचा आचारी चालणार नाही, अशी अटही घातली.

म्हणून आमच्या घराच्या अंगणात, दीडशे माणसांत, सारे कार्य घरच्यांनीच करावे असे माझे मत आहे. पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवू. देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायला पंचवीस तेवढ्या छापू. शेवंती आणि झेंडू पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून आदल्या दिवशी आणता येईल. अंतरपाट आजीच्या शालूचा, मंगलाष्टके मामेबहिणींची, रुखवत मावशीचे. आमच्याकडे हौशी बायका पुष्कळ आहेत, त्यामुळे जेवणाचीही चिंता नाही. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही ऐकायला आवडतील.

प्रतिसाद – नाशिक

आपल्या साऱ्या मांडणीत मला खटकले ते शेवटून दुसरे वाक्य. खर्च वाचतो असे आपण म्हणता, तेव्हा तो खर्च नाहीसा होत नाही. तो घरातल्या काही ठरावीक बायकांच्या अंगावर जातो आणि हिशेबाच्या वहीत दिसत नाही, इतकेच.

आमच्या गावी, चिपळूणजवळ, चुलतबहिणीचे लग्न असेच घरी झाले होते. अळूची भाजी माझ्या थोरल्या काकूंकडे होती. आदल्या रात्री त्या पाने चिरायला बसल्या, खाजेने मनगटापर्यंत हात लाल झाले, चिंचेचे पाणी चोळून पुन्हा बसल्या. दुसऱ्या दिवशी शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले तेव्हा त्या चुलीपाशी होत्या, कारण भात खाली लागत होता. पदराला हात पुसत त्या मांडवात आल्या तोवर अंतरपाट दूर झाला होता. कुणीतरी त्यांच्या ओंजळीत अक्षता दिल्या, आणि त्या तशाच मुठीत धरून त्या उभ्या राहिल्या. ज्या मुलीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले, तिच्या डोक्यावर त्यांची अक्षत पडली नाही. त्या दिवशी सगळ्यांनी जेवणाचे कौतुक केले. काकूंची पंगत मात्र चार वाजता बसली, आणि तोपर्यंत जिलबी संपली होती.

आपल्या आईचे तसे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिले.

प्रतिसाद – सांगली

नाशिकच्या ताईंचा अनुभव मनाला लागला, तरी त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही पंधराजणी आठ दिवस एकत्र होतो. जात्याची पूजा झाली, ओव्या झाल्या, रुखवताच्या करंज्या भरताना वीस वर्षे न बोललेल्या दोन जावा एका ताटाशी बसल्या. कार्यालयात सकाळी दहाला पोचून तीनला परतणाऱ्यांना हे मिळत नाही. कष्ट झाले, पण ते आम्ही हौसेने केले. आमच्या वतीने कुणी दुसऱ्याने दुःख मानू नये.

प्रतिसाद – कोल्हापूर, आचारी

मी पंचवीस वर्षे लग्नांचा स्वयंपाक करतो, त्यामुळे भावनेपेक्षा प्रमाणावर बोलतो. दीडशे पानांना बाकीचे पदार्थ असताना मसालेभातासाठी 13 ते 15 किलो तांदूळ लागतो आणि श्रीखंड 20 किलोच्या आसपास. घरी चार किलोचा भात उत्तम करणारी बाई पंधरा किलोच्या पातेल्याला घाबरते, कारण तेथे पाण्याचा आणि आचेचा अंदाजच वेगळा असतो. भात बिघडला तर ऐन वेळी दुसरा लावायला वेळ नसतो. शिवाय घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरण्यास मनाई आहे. 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्या.

माझा सल्ला असा, की किराणा, भाजी आणि दूधदुभते तुम्ही स्वतः घाऊक बाजारातून आणा आणि आचारी व मदतनीस यांना केवळ मजुरीवर बोलवा. खरी बचत तेथे होते. वाढायचे काम घरच्यांनी जरूर करावे, पण पन्नासच्या पंगतीला आठ वाढपी तरी हवेत, आणि तीन पंगतींना दोन तास सहज जातात.

प्रतिसाद – ठाणे

पैसा इतका मोजका असताना एवढा व्याप कशासाठी? 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार 30 दिवस आधी नोटीस द्यावी, तीन साक्षीदारांसमोर सही करावी आणि उरलेल्या पैशांत मुलीचा संसार उभा करावा. महाराष्ट्राला साध्या लग्नाचे वावडे नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 मध्येच भटजीविना, अल्प खर्चाचे लग्न लावून दाखवले होते.

मूळ लेखक – वाई

नोंदणी विवाहाचा पर्याय मी आईपुढे ठेवला होता. तिला अंतरपाट धरलेला पाहायचा आहे, आणि तिची ही एकच इच्छा मला मोडवत नाही. विधीने लग्न लावून 90 दिवसांच्या आत नोंदणी करू.

‘हौशी बायका’ हे मी विचार न करता लिहिले, हे मान्य करतो. काल रात्री आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “करीन की, मला कोण विचारतंय.” ते ऐकून मी गप्प झालो. स्वयंपाक आता मजुरीवरच्या आचाऱ्यांकडे. वाढायला मी, चार आतेभाऊ आणि बहिणीच्या ऑफिसातले तीन मित्र, अशी आठ नावे लिहून भिंतीला लावली आहेत. करंज्या मात्र घरीच होतील, कारण त्या मावशीने स्वतः मागून घेतल्या.

प्रतिसाद – नाशिक

हे वाचून बरे वाटले. तरी एक गोष्ट आपल्या यादीत अजून नाही. लग्नाचे जेवण म्हणजे एकच जेवण नव्हे. आदल्या दिवशी हळदीला चाळीस-पन्नास माणसे मुक्कामाला येतील. त्यांचे रात्रीचे पिठले-भात, पहाटेचे आंघोळीचे पाणी, सकाळचे पोहे, दिवसभराचा चहा आणि वरात गेल्यावर रिकाम्या घरात उरलेल्यांची खिचडी, हे सारे ‘किरकोळ’ म्हणून कुणाच्याच नावावर लिहिले जात नाही आणि नेमके आईच्या वाट्याला जाते. आचाऱ्यांना आदल्या संध्याकाळपासूनच बोलवा, आणि पहाटेच्या पाण्यापुढे कुणाचे नाव आहे, तेही त्या भिंतीवर लिहा.