घराबाहेरचा लाकडाचा बॉयलर: जुना घ्यावा का, आणि पाइप कोणता?

गारठलेला
इथाकाजवळ (न्यूयॉर्क राज्य) १९७४ चं घर आहे, १९०० चौरस फूट. तेलाची फर्नेस, डक्टमधून गरम हवा. गेल्या हिवाळ्यात ९०० गॅलन तेल जळलं. मागे चार एकर रान आहे आणि त्यात भुंग्याने मारलेली ऍशची झाडं उभीच्या उभी वाळलीत. घरापासून १४० फुटांवर बाहेरचा बॉयलर (लाकडावर पाणी तापवून ते जमिनीखालच्या पाइपने घरात आणणारा) बसवायचा विचार आहे. गावातला एक जण २००८ चा जुना बॉयलर पाइपसकट स्वस्तात देतोय.
जुना घ्यावा का? वर्षाला लाकूड किती लागेल? फोम गुंडाळून काळ्या नळीत घातलेला पाइप चालेल का? आणि आठवडाभर घर बंद ठेवायचं तर काय करायचं?

लाकूडतोड्या
आधी हिशेब. एका गॅलन तेलात साधारण १,३८,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक). फर्नेसची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर ९०० गॅलनचे घरात पोचले सुमारे १० कोटी २० लाख. सुक्या पांढऱ्या ऍशच्या एका कॉर्डमध्ये (१२८ घनफूट, म्हणजे ४ × ४ × ८ चा रचलेला ढीग) अंदाजे २ कोटी ३५ लाख असतात. चांगल्या नव्या बॉयलरमधून प्रत्यक्षात ६० टक्के हाती लागले तर सव्वासात कॉर्ड. जुन्या, धुमसत राहणाऱ्या बॉयलरला ४०-४५ टक्के मिळाले तरी पुष्कळ, म्हणजे दहा कॉर्डच्या आसपास. लाकूड विकत घेणार असाल तर ‘फेस कॉर्ड’ आणि पूर्ण कॉर्ड यांत गफलत करू नका. १६ इंची फेस कॉर्ड म्हणजे पूर्ण कॉर्डचा तिसरा हिस्सा.

ऐन थंडीतही तुमच्या घराला तासाला ४५,००० बीटीयूच्या आसपासच लागतील. विकणारे मात्र दोन-अडीच लाख बीटीयूचा बॉयलर गळ्यात मारतात. मोठा घेतला की तो दिवसभर हवेचं झाकण लावून धुमसतो, आणि सगळा धूर, सगळं डांबर तिथूनच येतं.

नळकाम
पाइपचं आधी ठरवा, बॉयलरचं नंतर. काळ्या नळीत फोमची पट्टी गुंडाळून जे विकतात ते घेऊच नका. नळीत पाणी शिरतं, पट्टी भिजते आणि पाइप जमिनीला शेक देत बसतो. असा पाइप ओळखायला अवजार लागत नाही: सगळीकडे बर्फ असतो आणि चरावर मात्र हिरव्या गवताचा पट्टा दिसतो.

समजा बॉयलरकडून १८० अंश फॅरनहाइटने निघालेलं पाणी घरात १७५ ला पोचतंय. मिनिटाला ५ गॅलन वाहत असेल तर ५०० × ५ × ५ = १२,५०० बीटीयू दर तासाला मातीत. १८० दिवसांचे ५ कोटी ४० लाख. वरच्या हिशेबाने ही जवळपास पावणेचार कॉर्ड, तीही फक्त जातानाची, परतीचा पाइप वेगळाच. कारखान्यातच भोवती घट्ट फोम भरलेला पाइप घेतलात तर हा फरक १ अंशाच्या आसपास राहतो. महाग आहे, पण तो एकदाच पुरायचा असतो. प्राणवायू रोखणारा थर असलेला पेक्सच (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) घ्या. १४० फूट एकसंध तुकडा हवा, जमिनीखाली सांधा नको.

गारठलेला
१ इंच की सव्वा? आणि त्या माणसाचा पाइप गुंडाळलेलाच आहे, आत्ताच विचारलं.

नळकाम
मग तो पाइप त्यालाच ठेवू द्या. जाऊन-येऊन २८० फूट, वर डक्टमधली कॉइल (पाण्याची उष्णता हवेला देणारी वळणदार नळी) आणि नळाचं पाणी तापवणारा प्लेट एक्स्चेंजर. ५ गॅलनला १ इंच कसाबसा पुरतो, पण लहान पंपाला धाप लागते. सव्वा इंच घ्या. पंप बॉयलरपाशी, पाण्याच्या पातळीच्या खाली, जाणाऱ्या बाजूला लावा. हे बॉयलर वरून उघडे असतात, दाब नसतो. पंप घरात उंचावर लावलात तर तापलेल्या पाण्याचे त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि तो खडखडायला लागतो.

नळाचं पाणी तापवणार असाल तर मिश्रण झडप १२० अंशांवर लावा. १८० चं पाणी थेट शॉवरला गेलं तर क्षणात कातडी भाजते.

बंबवाली
रचना आपल्या बंबासारखीच, मधे जाळ आणि भोवती पाणी. फरक इतकाच की बंब तासाभरात विझतो आणि हा सहा महिने पेटलेला असतो, म्हणून गंज हाच खरा शत्रू. जुना बघायला जाल तेव्हा राख पूर्ण काढायला लावा. दाराच्या चौकटीचे आणि राखेच्या रेषेलगतचे खालचे वेल्डिंगचे जोड हातोडीने हलके ठोकून बघा. आवाज बद्द आला की पत्रा खाल्लेला समजा. मग आतलं पाणी काढून बघा. तांबूस-तपकिरी असेल तर गंजरोधक रसायन वेळेवर घातलेलं नाही, व्यवहार तिथेच थांबवा. नव्यातही पाण्यातलं नायट्राइट (गंजरोधक) आणि पीएच दरवर्षी तपासायचं. उन्हाळ्यात पाणी काढून ठेवू नका, भरलेलंच ठेवा. राख मात्र काढा, ती ओल धरते आणि पत्रा खाते.

परत येणारं पाणी १४० च्या खाली गेलं की भट्टीच्या भिंतींवर धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि क्रिओसोट (डांबरासारखा थर) धरतो. परतीवर तापमान राखणारी झडप हवीच.

आणि दार एकदम उघडू नका. आधी बायपास (धूर थेट धुराड्यात सोडणारी झडप) उघडा, दार बोटभर फटीने धरून थोडं थांबा, बाजूला उभं राहा, मग पूर्ण उघडा. कोंडलेल्या धुराला हवा मिळाली की ज्वाळा बाहेर झेपावते.

लाकूडतोड्या
नियमाचं राहिलं. १५ मे २०२० पासून अमेरिकेत नवा बॉयलर ईपीएच्या (तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या) दुसऱ्या टप्प्याच्या प्रमाणपत्राशिवाय विकता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये नव्यासाठी हद्दीपासून १०० फूट अंतर आणि १८ फुटी धुराडं लागतं. २००८ च्या बॉयलरचा सौदा करण्याआधी टाउनच्या कोड ऑफिसरला (स्थानिक बांधकाम नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारा. काही टाउन्सचे नियम याहून कडक आहेत. घराच्या विमा कंपनीलाही आधीच कळवा.

नळकाम
घर बंद ठेवण्याबद्दल: तेलाची फर्नेस काढू नका. दोन थर्मोस्टॅट लावा, लाकडाचा ७० वर, तेलाचा ६२ वर. कॉइलच्या पाइपवर पट्ट्याने बांधायचा ऍक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच) १३० ला ठेवा, म्हणजे जाळ विझल्यावर पंखा थंड हवा फेकणार नाही. पंप चालूच राहू द्या आणि फर्नेसचा पंखाही मधूनमधून फिरेल असं करा. घरातली ऊब कॉइलमधून उलटी पाण्यात जाते आणि पाइप गोठत नाहीत. तरी कडाक्याच्या थंडीत आठवडाभर निव्वळ यावर विसंबू नका, कोणी येऊन बघणारं हवं. बॉयलरमधल्या दोनशे-तीनशे गॅलन पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घालणं खिशाला झेपत नाही. चर चार फूट खोल घ्या.

वीज गेली तर पंप बंद पडतो आणि पाणी उकळून वरच्या नळीतून उडतं. पातळी खाली गेली असेल तर तापलेल्या पत्र्यावर गार पाणी ओतू नका, निवेपर्यंत थांबा.

गारठलेला
खूप आभार. म्हणजे जुना रद्द. ऍशचं एक वाळकं झाड परवाच पाडलंय. ओलावा मोजणारं मीटर बुंध्याला २१ दाखवतंय, शेंड्याकडे १७. ऑक्टोबरात पेटवता येईल का?

लाकूडतोड्या
२१ कुठे मोजलंत? कापलेल्या टोकाला असेल तर तो आकडा खोटा, टोकं आधी सुकतात. ओंडका फोडा आणि ताज्या चिरेच्या मधोमध, रेषांच्या दिशेने टोचा.

गारठलेला
फोडून टोचलं. २९.

लाकूडतोड्या
म्हणजे आतून अजून ओलंच आहे, मग या हिवाळ्यात तेलच. आत्ता फोडा, जमिनीपासून वर पॅलेटवर एकेरी रांगेत रचा, फक्त माथा झाका, बाजू उघड्या ठेवा. आणि जमीन गोठायच्या आत चर खणून पाइप पुरून ठेवा.