मिशिगनमध्ये हरणांसाठी चारा पेरायचा आहे, सुरुवात कुठून करू?

नोवीची_प्राजक्ता:

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही बिग रॅपिड्सच्या वरच्या अंगाला ११ एकर जागा घेतली. निम्म्याहून जास्त ॲस्पन आणि मेपलची झाडी, मागे ओलसर भागात सिडारची दाटी आणि मधे एकरभर मोकळा माळ. शनिवार-रविवारी नोवीहून जातो. दिवस कलला की माळाच्या कडेला चार-पाच हरणं येतात. इथली व्हाइट-टेल. दचकली की शेपूट उभी करून पळतात, तेव्हा नुसतं पांढरं लखलखतं. मुलं काचेला नाक लावून बसलेली असतात.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ गुडघ्याएवढा होता आणि हरणं फार खंगलेली दिसत होती. मला राहवलं नाही. मक्याची ५० पौंडांची गोणी आणून ओतली. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा मुद्दाम चालत आले आणि म्हणाले, असं टाकायला इथे बंदी आहे आणि हरणांनाही ते सोसत नाही. टाकू नकोस, त्यापेक्षा पेर. मी लगेच थांबले, पण मनाला लागून राहिलं.

माझं माहेर नाशिक शहरातलं, शेतीतलं काही कळत नाही. बी कोणतं घ्यायचं? जागा किती लागेल? नांगरायचं की फवारायचं? दरवर्षी पेरावं लागतं का? शिकार आम्हाला करायची नाही. ती पोटभर खाऊन आमच्या समोर हिंडावीत, एवढंच.

माणदेशी_ग्लॅडविन:

प्राजक्ताताई, आजोबांनी अगदी योग्य सांगितलं. हिवाळ्यात हरणाचं पोट काड्या-डहाळ्या पचवायला बसलेलं असतं. पोटातले जिवाणूच त्या जातीचे झालेले असतात. त्यात अचानक मका भरला की आंबटपणा वाढतो आणि पोट भरलेलं असतानाच जनावर दगावतं. दुसरं कारण रोगाचं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना खंगवत मारणारा रोग, आपल्या राज्यातल्या मोकळ्या हरणांत २०१५ साली सापडला. एका ढिगावर दहा तोंडं आली की लाळेतून तो पसरतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या आपल्या या खालच्या भागात, जानेवारी २०१९ च्या अखेरीपासून खाणं टाकायला बंदी आली. पेरलेलं पीक त्यात मोडत नाही. तरी दर वर्षीची नियमांची पुस्तिका वाचत जा.

आता माझं सांगतो, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. मी माण तालुक्यातला, दुष्काळी भागातला. शेतीत वाढलो म्हणून मला वाटलं, चारा पेरायचा त्यात काय विशेष! ग्लॅडविनजवळ जागा घेतली आणि पहिल्याच मे महिन्यात शिंगाळ्या हरणाचं चित्र असलेली क्लोव्हरच्या बियांची महागडी पिशवी आणून दीड एकरावर फोकली. माती तपासली नाही. जून सरेपर्यंत क्लोव्हर दोन बोटं उंच, पिवळं, आणि त्याच्या डोक्यावरून गवत मांडीपर्यंत.

त्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. ते माळात उकिडवे बसले, बोटाने माती सैल करून एक रोप मुळासकट अलगद उचललं, बाटलीतल्या पाण्याने मूळ धुतलं आणि माझ्यासमोर धरलं. "गाठ कुठाय?" एवढंच विचारलं. मुळाला एकही गाठ नव्हती. आमच्याकडे हरभऱ्याला, सोयाबीनला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू, चोळतात, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. क्लोव्हर त्याच कुळातलं. आपलं बरसीम म्हणजे क्लोव्हरच. पण जिवाणू जातवार वेगळे असतात, क्लोव्हरला क्लोव्हरचाच लागतो, आणि जमीन आंबट असली तर तोही जगत नाही. नंतर माती तपासली तर सामू (pH) ५.३ निघाला. चूक बियाची नव्हती, माझी होती.

म्हणून तुमचं पहिलं काम बी आणणं नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचं माती परीक्षणाचं पाकीट मागवा. माळात दहा-बारा ठिकाणांहून वीतभर खोलीची माती काढा, एका बादलीत कालवा आणि त्यातली मूठभर पाठवा. क्लोव्हरला सामू साडेसहाच्या आसपास हवा. मला एकरी २ टन चुना सांगितला होता. तोवर मी दीड एकराचा हट्ट सोडून पाव एकरावर आलो होतो, म्हणजे १,००० पौंड, गोळी चुन्याची ४० पौंडी २५ पोती. चुना मातीत उतरायला सहा महिने तरी लागतात, म्हणून बियाच्या आधी चुना.

तुम्हीही पाव एकरच करा, फार तर अर्धा. पण अगदी इवलासा तुकडा नको, हरणं तो वर येऊच देणार नाहीत.

नांगरायचं की फवारायचं, याचं उत्तर तुमच्या माळात कोणतं गवत आहे त्यावर आहे. उपटून बघा. पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळ्या जमिनीखाली पळत गेलेल्या दिसल्या तर ते क्वॅकग्रास, आपल्या हराळीचा भाऊ. त्यावर रोटा मारला की जेवढे तुकडे तेवढी रोपं. मी तिथे एकदाच ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. मनाला पटत नव्हतं, पण दुसरा उपाय सापडला नाही. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, गोठवणाऱ्या दहिवराची भीती गेल्यावर, बकव्हीट दाट पेरलं. आपण उपासाला ज्याचं पीठ खातो तो कुट्टू. महिन्या-सव्वा महिन्यात फुलतो, खालचं तण उन्हावाचून गुदमरतं. बी धरायच्या आत तो आडवा करून मातीत मिसळायचा.

खरी पेरणी ऑगस्टच्या मध्याला, पाऊस बघून. पाव एकराला लॅडिनो जातीचं पांढरं क्लोव्हर २ पौंड आणि जोडीला ओट १५ पौंड. ओट आधी फोकून हलका दाताळ फिरवा. मग जमीन दाबून घ्या, चालताना बुटाची टाच अर्ध्या इंचाहून जास्त रुतता कामा नये. त्यावर जिवाणू चोळलेलं क्लोव्हर फोका. त्याच्या एका पौंडात आठ लाखांच्या आसपास बिया असतात, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून उभं-आडवं दोनदा फोका. पाव इंचापेक्षा खोल गेलं की उगवत नाही. वरून पुन्हा दाबा. रोलर नसला तरी अडत नाही. अण्णांनी फोनवरून सांगितलं तशी मी लाकडी पॅलेटवर दोन दगड ठेवून, दोरीने ओढत फळी फिरवली होती. ओट आठवड्यात वर येतो, हरणं त्यावर तुटून पडतात आणि क्लोव्हरला सावरायला वेळ मिळतो. हिवाळ्यात ओट मरतो आणि वसंतात शेत क्लोव्हरचं होतं. त्या मे महिन्यात मी एक गाठ नखाने फोडली, आत गुलाबी होती, म्हणजे जिवाणू कामाला लागले होते. तो फोटो अण्णांच्या फोनमध्ये अजून आहे.

नीट राखलं तर तीन-चार वर्षं पुन्हा पेरावं लागत नाही. विरळ पडलेल्या जागी मार्चमध्ये, रात्री गोठून दिवसा वितळण्याच्या दिवसांत, वरून बी टाकायचं, जमिनीच्या भेगा ते आत ओढून घेतात. नत्राचं खत घालू नका, गवतच माजेल. स्फुरद-पालाश अहवालात लिहिलं असेल तेवढंच. एक काम मात्र पेरणीच्याच दिवशी करा. चार फूट उंच जाळीचा गोल पिंजरा एका जागी रोवून ठेवा. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर दिसलं तर वाण चांगलं आहे, खाणारी तोंडं जास्त आहेत. पिंजरा नसला की माणूस उगाच बियाला दोष देतो.

छाटणी वर्षातून दोनदा, सहा-आठ इंचांवर. पहिली जूनच्या शेवटी, त्याआधी अजिबात नको. एके वर्षी मी जूनच्या पहिल्याच आठवड्यात मशीन घेऊन निघालो. समोर चार हातांवर क्लोव्हरमधून एक कान हलल्यासारखा वाटला. मशीन बंद करून वाकून पाहिलं. पाडस होतं, मांजराएवढी गुंडाळी करून पडलेलं, पाठीवर पांढरे ठिपके, नाकपुडी ओली, पोट भराभर वरखाली होत होतं. पळालं नाही. त्या वयात त्यांना पळायचं नसतं, निपचित पडून राहायचं असतं. मी हात न लावता मागे फिरलो. संध्याकाळी आई येऊन त्याला घेऊन गेली. मे-अखेरपासून तीन आठवडे ती जागा त्यांची, आपली नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. क्लोव्हर दोन फूट बर्फाखाली गेलं की त्याचा उपयोग नाही. तुम्हाला कळवळा आला तो फेब्रुवारीत, आणि फेब्रुवारीचं खाणं तुमच्या झाडीत आहे. दर हिवाळ्यात थोडे ॲस्पन आणि लाल मेपल जाणकाराकडून तोडून घ्या. शेंडे खाली आले की त्याच रात्री हरणं कळ्या खातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ॲस्पनच्या मुळांतून शेकड्यांनी धुमारे फुटतात. सिडारला मात्र हात लावू नका, थंडीतलं घर आणि ताट दोन्ही तेच.

कर्जतकर:

मी रेहेकुरी अभयारण्याच्या अंगाला राहतो, कर्जत तालुका. हे वाचून बराच वेळ विचार करत बसलो. आमच्याकडे हरभरा कोंबात आला की रात्र रात्र राखण करावी लागते. काळवीट देखणं जनावर आहे, आम्हाला त्याचा रागही नाही, पण कळपाने कोवळं पीक ओरबाडलं की घाटा धरत नाही आणि वर्षाचं गणित बिघडतं. तुमच्या पेरण्यामुळे हरणं वाढून शेजारच्या शेतकऱ्याला त्रास होत नाही का?

माणदेशी_ग्लॅडविन:

दादा, हा प्रश्न इथे फार कमी लोक विचारतात. त्रास होतो, नाकारणार नाही. माझ्या शेजाऱ्याचं सोयाबीन आहे. म्हणून माझा तुकडा हद्दीपासून लांब, मधोमध आहे. दुसरं, हरणं वाढली की माझीच झाडी संपते. मेपलचं एक रोप कमरेच्या वर जात नव्हतं आणि वसंतात उमलणारी ट्रिलियमची फुलं दिसेनाशी झाली होती. मी स्वतः मांस खात नाही. तरी १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू झाला की शेजाऱ्याला आणि त्याच्या मुलाला परवाना बघून, लेखी परवानगी देऊन माझ्या जागेत येऊ देतो, मुख्यतः माद्यांसाठी. प्राजक्ताताई, तुम्ही शिकार करू नका, पण घरात याचा विचार आधी करून ठेवा. लांडगा आपल्या भागात राहिलेला नाही, आणि पेरणाऱ्याला मोजणंही आलं.

अस्मिता_लान्सिंग:

प्राजक्ता, मुलं माळात जाणार असतील तर एक सांगते. हरणांच्या वाटांवर गोचिडी असतात. काळ्या पायांची बारकी गोचीड, पिल्लू तर खसखशीएवढं, तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. पँटचे पाय मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या मुळाशी बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-तूप लावत बसू नका.

नोवीची_प्राजक्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. अहवाल आला. सामू ५.६, पाव एकराच्या हिशेबाने ७५० पौंड चुना सांगितलाय. काल गवत उपटून पाहिलं, पांढऱ्या गाठीगाठीच्या मुळ्याच निघाल्या. दादा, आता मे आहे. मग ऑगस्टला पेरू की पुढच्या वर्षी?

माणदेशी_ग्लॅडविन:

७५० म्हणजे १९ पोती. आधी क्वॅकग्रास मारा, ते मेल्यावर चुना टाकून मातीत मिसळा. ऑगस्टपर्यंत सहा महिने भरत नाहीत, म्हणून यंदा क्वॅकग्रासचा बंदोबस्त, मग बकव्हीट, आणि ऑगस्टच्या शेवटी नुसती राय पेरा, गव्हासारखी दिसते ती. ती आंबट जमिनीत येते, बर्फाखालूनही जगते आणि एप्रिलमध्ये सगळ्यात आधी हिरवी होते, हरणं उपाशी असतात नेमकी तेव्हा. क्लोव्हर पुढच्या ऑगस्टला. पिंजरा मात्र याच वर्षी रोवा, आणि मुलांना दर शनिवारी आतलं-बाहेरचं पट्टीने मोजायला लावा.