मदत हवी आहे: फिशटँकच्या घरगुती एलईडी लाइटचा टायमर कधी बंदच करत नाही, कधी वेळ विसरतो

टँकवाला_३फूट:
मंडळी, ३ फुटी प्लँटेड (पाणवनस्पती लावलेला) टँक आहे. झाकणात १२ व्होल्टची ५०५० एलईडी पट्टी साडेतीन मीटर (मीटरला ६० एलईडी), सोबत १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा). एसएमपीएस प्लगमध्ये लावायच्या डिजिटल टायमरवर आहे. दुपारी २ ला चालू, रात्री १० ला बंद. तीन त्रास आहेत:

१. काही वेळा १० वाजून गेले तरी लाइट चालूच राहतो. टायमरवर बोटाने टिचकी मारली की बंद होतो.
२. बंद असताना दर काही सेकंदांनी पट्टी क्षणभर लुकलुकते.
३. मोठं लोडशेडिंग झालं की घड्याळ शून्यावर येतं, प्रोग्रॅम पुसले जातात.

रात्रभर लाइट राहिल्याने काचेवर आणि अनुबियस या पाणवनस्पतीच्या पानांवर शेवाळ धरलंय. टायमर १६ अँपिअरचा आहे, लोड जेमतेम ५० वॉट. मग बिघडतंय काय?

डाखकाम:
पहिल्या त्रासाबद्दल आधी एक तपासा. लाइट चालू राहिलेला असताना टायमरला हात लावू नका, स्क्रीन वाचा. तिथे 'ऑन' असेल तर प्रोग्रॅमची चूक. 'ऑफ' असेल आणि १० वाजता आत 'टक्' असा आवाज आला असेल, तर रिलेचे (टायमरमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, म्हणजे जुळणारी धातूची टोकं, चिकटलेत. टिचकीने सुटतात म्हणजे बहुधा हेच.

१६ अँपिअर हा आकडा इस्त्री-गिझरसारख्या सरळ लोडसाठी असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. तो रिकामा असताना २३० व्होल्ट (शिखराला ३२५) मिळाले की पहिल्या काही मिलिसेकंदांत ४०-५० अँपिअरसुद्धा ओढू शकतो. रोज त्या क्षणी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, धातू वितळतो आणि हळूहळू दोन्ही टोकं एकमेकांना धरायला लागतात. वॉट कमी असल्याने यात काही फरक पडत नाही.

पाणवनस्पती:
स्क्रीनवर 'ऑन' दिसलं तर या तीन गोष्टी बघा. बऱ्याच टायमरमध्ये मॅन्युअल 'ऑन'वरून थेट 'ऑटो'वर आलात की पुढची 'ऑफ'ची वेळ येईपर्यंत लाइट चालूच राहतो. 'ऑफ'वरून 'ऑटो'वर या. दुसरं, प्रोग्रॅममध्ये सातही वार निवडलेत का? 'ऑफ'मधून रविवार सुटला तर रविवारी रात्रभर उजेड. तिसरं, रँडम मोड चुकून लागलेला नाही ना? तो वेळा मागेपुढे करतो.

तोवर लाइट ६ तासच ठेवा आणि रात्री मुख्य बटणाने बंद करा. शेवाळ आटोक्यात आल्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवा.

डाखकाम:
लुकलुकणं: टायमरच्या रिलेवर समांतर कपॅसिटर लावलेला असेल, तर कॉन्टॅक्ट उघडे असूनही त्यातून थोडा करंट झिरपतो. ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर ५० हर्ट्झला सुमारे ७ मिलिअँपिअर. तेवढ्यावर एसएमपीएसचा कपॅसिटर सावकाश भरतो, सर्किट सुरू व्हायला बघतं, साठा लगेच संपतो. पुन्हा तेच. टायमर फेजऐवजी न्यूट्रल तोडत असला तरी असंच होतं. आऊटपुट 'ऑफ' असताना टेस्टर लावून बघा, दिवा लख्ख पेटला तर न्यूट्रल तुटतोय.

घड्याळ पुसलं जाणं हा आतल्या छोट्या रिचार्जेबल सेलचा दोष. आधी टायमर २४ तास प्लगमध्ये ठेवा, पिनेने रिसेट करा, मग प्रोग्रॅम भरा. तरी टिकत नसेल तर सेल मेला. पिनांचा मेकॅनिकल टायमर हा यावर उपाय नाही, वीज गेली की त्याची मोटर थांबते आणि जेवढा वेळ वीज नव्हती तेवढा तो मागे पडतो.

टँकवाला_३फूट:
तपासलं. स्क्रीनवर 'ऑफ', 'टक्' आवाजही आला, लाइट चालूच. टेस्टर लावला तर फेज बरोबर तुटतोय. एसएमपीएसच्या आधी एनटीसी (थंड असताना करंट अडवणारा, तापला की सोडणारा रोधक) लावला तर भागेल का?

डाखकाम:
नव्या टायमरसोबत भागेल. जुन्यात नाही, त्याचे कॉन्टॅक्ट खडबडीत झालेत. १० डी-९ घ्या: थंड असताना १० ओहम, म्हणजे चालू होतानाचा करंट साधारण ३२ अँपिअरच्या वर जात नाही. तो चांगलाच तापतो, प्लास्टिकला टेकवू नका. पण लुकलुकणं त्याने थांबणार नाही.

माझं मत विचाराल तर टायमर १२ व्होल्टच्या बाजूला न्या. १२ व्होल्ट डीसीवर चालणारा, आत बॅटरी असलेला प्रोग्रॅमेबल टायमर मिळतो. एसएमपीएस कायम चालू ठेवा. त्याचा प्लस टायमरच्या पुरवठ्याला आणि रिलेच्या 'कॉम'ला (सामाईक टोक), 'एनओ'वरून (रिले चालू झाल्यावरच जोडलं जाणारं टोक) पट्टीचा प्लस, मायनस सगळे एकत्र. रिलेवर ३० व्होल्ट डीसीला १० अँपिअर लिहिलेलं असावं. तुमची पट्टी मीटरला १४.४ वॉट धरली तर ४.२ अँपिअर होते. पट्टीत मोठा कपॅसिटर नाही, म्हणून चालू होताना करंटची उसळी नाही आणि झिरपणंही नाही.

वायर १ चौरस मिमीची वापरा. ०.५ ची घेतलीत तर २ मीटरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतो आणि पट्टी मंद होते.

पाणवनस्पती:
एसएमपीएस आणि टायमर झाकणात ठेवू नका, तिथली वाफ टर्मिनल हिरवी करते. टँकच्या बाजूला भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर लावा आणि प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ झोळावरून गळून जाईल. लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

आणि जोडल्यावर एक चाचणी: बंद व्हायच्या ५ मिनिटं आधी मेन स्विच बंद करा, वेळ उलटून गेल्यावर पुन्हा चालू करा. लाइट पेटला तर तो टायमर चुकलेली 'ऑफ' पकडत नाही. अशा वेळी १०:३० आणि ११:३० ला आणखी दोन 'ऑफ' भरून ठेवा, त्यांच्या 'ऑन'च्या जागा रिकाम्या सोडून.