नेटिव्ह मास स्पेक्ट्रोमेट्रीत डायमर दिसतच नाही, मदत हवी आहे

३४ किलोडाल्टनचं प्रोटीन आहे; घडी आणि जोड्या न मोडता वजन मोजायच्या या पद्धतीत त्याचा डायमर (दोन रेणूंची जोडी) पाहायचाय. साइझ एक्सक्लूजन कॉलमवर (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) ५० मायक्रोमोलरला स्वच्छ डायमर येतो (बफरमध्ये ३०० मिलिमोलर मीठ). मात्र २०० मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये घेऊन ५ मायक्रोमोलरला नॅनोस्प्रे केलं (बारीक सुईतून चार्ज असलेले थेंब फवारले) की जवळपास सगळा मोनोमर (सुटा रेणू). m/z (वस्तुमान भागिले चार्ज) ४२५० च्या आसपास, जिथे डायमरचा १६+ चार्जचा पीक यायला हवा, तिथे नुसता गोंगाट.

कोन व्होल्टेज आणि कोलिजन एनर्जी (यंत्रात आयनांना जोड्या फोडू शकणारी ऊर्जा देणाऱ्या सेटिंग) स्प्रे टिकेल इतपत खाली आणून झाली. बफर दोनदा बदललाय, सोडियमचे अ‍ॅडक्ट (प्रोटीनला चिकटलेले आयन) फारसे नाहीत. मोनोमरवर चार्ज १० ते १२ च आहेत, म्हणजे तो घडी शाबूत असलेला वाटतो. वायुरूपात डायमर फुटला असता तर एका तुकड्याने बराच जास्त चार्ज ओढून नेला असता ना? म्हणून माझा संशय द्रावणावरच आहे.

२० मायक्रोमोलरला थोडा डायमर दिसला, पण तो थेंब सुकताना चिकटलेला खोटा डायमर नसेल कशावरून? प्रोटीन जेमतेम ४० मायक्रोलिटर उरलंय, यंत्र क्वाड्रुपोल टॉफ.

एवढ्यात आधी काय करू: अमोनियम अ‍ॅसिटेट ५०० मिलिमोलरपर्यंत वाढवून पाहू, बीएस३ ने (प्रोटीनचे रेणू एकमेकांना पक्के जोडणारं रसायन) क्रॉसलिंक करू, की २० मायक्रोमोलरलाच दुसरं मोनोमेरिक प्रोटीन मिसळून खोटी जोडी बनते का ते तपासू?