रिसॉर्टच्या आधी महिना ठरवावा
आपण मैत्रिणीसोबत ऑगस्टमध्ये डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील पुंता कानाला जाण्याचे योजले असून रिसॉर्ट कोणते घ्यावे असे विचारले आहे. मात्र १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम असल्यामुळे आधी महिन्याचाच फेरविचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही दोघी जुलैमध्ये गेलो होतो, तेव्हा भल्या पहाटे ट्रॅक्टर किनाऱ्यावरून सरगॅसम या तपकिरी समुद्री शेवाळाचे ढीग उपसत होते आणि सडक्या अंड्यांसारखा वास थेट खोलीपर्यंत येत होता. अटलांटिकमधून येणारे हे शेवाळ प्रामुख्याने पूर्वेच्या किनाऱ्यांवर साचते, त्यामुळे त्याच देशातील दक्षिणेकडील बायाहिबे हे गाव त्यातून बरेचसे सुटते. सुट्टी ऑगस्टमध्येच मिळणार असेल, तर वादळांच्या नेहमीच्या मार्गाबाहेर असलेल्या अरुबा किंवा क्युरासाओ या कॅरिबियन बेटांचा विचार अवश्य करावा.