हबशी, शिद्दी, शामल, हबसाण : नक्की फरक काय?

जुनी पत्रं वाचताना त्याच जंजिरेकरांना (म्हणजे जंजिरा किल्ल्याच्या आफ्रिकी वंशाच्या सत्ताधाऱ्यांना) कुठे हबशी, कुठे शिद्दी, कुठे शामल म्हटलेलं दिसतं. समानार्थीच धरायचे का? आणि हबसाण म्हणजे आफ्रिका ना?

— नाही हो, हबसाण आपल्या रायगड जिल्ह्यातच! मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, म्हणजे जंजिऱ्याच्या शिद्द्यांचा मुलूख. हबशी हा देशावरून पडलेला शब्द, अरबीत हबश म्हणजे इथिओपियाकडचा भाग. मलिक अंबर तिकडचाच, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर होऊन खडकी वसवली, तेच नंतरचं औरंगाबाद. शिद्दी हा अरबी सय्यिदी म्हणजे 'माझे धनी' यावरून आला असं बहुतेक मानतात, म्हणजे मूळचा मानाचाच. शामल मात्र सरळ रंगावरून, आणि तो मराठी पत्रांत जास्त. आता यात मेख अशी की पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं, शिद्दीच्याच अमलातलं, बाळाजी विश्वनाथ तिथून बाहेर पडले ते शिद्दीशी बिनसल्यामुळे, आणि त्यांच्याच मुलाने, चिमाजी अप्पांनी, १७३६ साली रेवसजवळच्या लढाईत शिद्दी सात नावाच्या जंजिऱ्याच्या सरदाराला मारलं. तेव्हा पेशव्यांकडच्या पत्रात शामल आला की तो शत्रूने दिलेलं नाव म्हणूनच वाचा, जंजिरेकर स्वतःला तसं म्हणवून घेत असतील असं वाटत नाही.

— दादा, थोडी भर घालते. आफ्रिकेतून इथे आलेले सगळेच काही हबशातून आलेले नाहीत. गोव्यात पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गुलाम आणले, त्यांना कोकणीत खाप्री म्हणतात (अरबी काफिर, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला). त्यातले कितीतरी पळून घाट चढले आणि कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलात वस्ती करून राहिले. आज उत्तर कन्नडातले सिद्दी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत, घरात कोकणी-मराठीच्या वळणाची बोली, बाहेर कन्नड. २००३ मध्ये त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला तोही सिद्दी याच नावाने. त्यांना हबशी म्हणणं भूगोलानेही चूक, आणि हल्ली शिवी म्हणून वापरतात ते तर वाईटच. जंजिऱ्याबद्दल लिहिताना शिद्दी चालेल, जुन्या पत्रांतला रूढ शब्दच तो, पण आजच्या माणसांबद्दल असेल तर सिद्दीच लिहा. खाप्री तर अजिबात नको, गोव्यात तो अजून टोचतो.